अबू निदालची संघटना म्हणजे पीएलओ नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

विमान अपहरणात प्रवाशांना वाचवताना मृत्यू आलेल्या हवाई सेविका नीरजा भनोत यांच्या स्मृतिदिनानिमित्त आपल्या दैनिकात आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख जिव्हाळ्याने लिहिलेला आहे आणि त्याबद्दल लेखकाचे आभारच मानायला हवेत. परंतु त्यात एका ठिकाणी ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीच्या विमानतळावर पॅन अ‍ॅमच्या विमानाचा ताबा घेणारे चौघे पीएलओचे, म्हणजे पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे, होते असे म्हटले आहे, आणि ते चुकीचे आहे. ते अबू निदालच्या गटाचे होते. तो गट पीएलओपासून फुटून निघाला होता, पीएलओच्या नेत्यांना आणि राजनैतिक प्रतिनिधींना त्याने देशोदेशी गाठून मारले होते, आणि अबू निदालला पीएलओचे नेते यासर अराफत यांच्या फताह या संघटनेने मृत्युदंड फर्मावलेला होता. एका ओळीच्या दुरुस्तीने हे भागले असते, पण ही चूक फार जुनी आहे, वारंवार होते आणि इतिहासात एकदा तिने एका देशाची राखरांगोळी केली आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो आहे. पत्र लांबले आहे, याची मला जाणीव आहे.

मी घाटकोपर पूर्वेला राहतो. महापालिकेने नीरजा यांचे नाव दिलेला चौक आमच्याच भागात आहे आणि भाजी आणायला जाताना माझे पाऊल तेथून पडतेच. तो दिवसही मला आठवतो. शुक्रवार होता, शिक्षकदिन होता. आमच्या शाळेत मोठ्या वर्गातली मुले शिक्षक होऊन खालच्या वर्गांना शिकवत होती, गणपती दोन-तीन दिवसांवर आले होते आणि शिक्षकांच्या खोलीत टेबलावर ठेवलेल्या ट्रान्झिस्टरभोवती आम्ही आठ-दहा जण कान देऊन उभे होतो. मुंबईहून पहाटे निघालेले विमान, पुढे फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्कला जाणारे. प्रत्येकाच्या ओळखीत कोणी ना कोणी त्या वाटेने अमेरिकेला गेलेले होते. त्या दिवशीही आमच्यापैकी कोणीतरी म्हणाले, 'अराफतचीच माणसं असणार.' कोणी त्याला हरकत घेतली नाही, मीही नाही. पुढे निवृत्तीनंतर सवडीने वाचत गेलो तेव्हा त्या वाक्यातली चूक कळली, आणि तेव्हापासून ती मला स्वस्थ बसू देत नाही.

आधी एक स्पष्ट करतो. पीएलओ धुतल्या तांदळासारखी होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या छत्राखाली अनेक संघटना होत्या. अराफत यांची फताह सर्वांत मोठी होती. जॉर्ज हबाश यांची १९६७ मध्ये निघालेली पॉप्युलर फ्रंट विमान अपहरणांसाठी जगभर गाजली. तिच्यातून १९६८ मध्ये अहमद जिब्रील आणि १९६९ मध्ये नायेफ हवातमेह आपापले गट घेऊन बाहेर पडले. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिम्पिकमध्ये इस्रायली खेळाडूंचे बळी घेणाऱ्या 'ब्लॅक सप्टेंबर'चे धागे तर खुद्द फताहपर्यंत पोचत होते. या सगळ्यांच्या हातून निरपराध माणसे मेली आहेत आणि त्याचा जाब इतिहास त्यांना विचारीलच. पण प्रत्येकाचा जाब वेगळा आहे. एकाच्या गुन्ह्याची पावती दुसऱ्याच्या नावाने फाडली की खरा गुन्हेगार सुटतो, आणि अबू निदालच्या बाबतीत नेमके तेच होत आले आहे.

अबू निदालचे खरे नाव साबरी अल-बन्ना. १९३७ मध्ये तो पॅलेस्टाइनमधील याफा येथे जन्मला. त्याचे वडील खलील अल-बन्ना हे तेथील मातब्बर बागाईतदार होते. याफाच्या संत्र्यांना युरोपात मोठी मागणी होती आणि त्या व्यापारावर अल-बन्ना कुटुंबाची श्रीमंती उभी होती. समुद्राजवळ त्यांचे तीन मजली दगडी घर होते, आणि पुढे त्याच वास्तूत इस्रायलचे लष्करी न्यायालय भरू लागले. साबरीची आई मात्र त्या घरात मोलकरीण म्हणून आलेली, सीरियाकडची, वयाने अगदी लहान मुलगी होती आणि खलील यांनी तिच्याशी उतारवयात लग्न केलेले होते. १९४५ मध्ये खलील वारले तेव्हा साबरी सात-आठ वर्षांचा होता. सावत्र भावंडांनी त्याच्या आईला घराबाहेर काढले. तो त्या घरातच राहिला, पण त्याच्या शिक्षणाकडे कोणी धड लक्ष दिले नाही. १९४८ च्या युद्धात सारे कुटुंब घरदार सोडून पळाले आणि गाझापट्टीतील अल-बुरेज छावणीत त्यांनी नऊ महिने तंबूत काढले, मग ते नाब्लुसला आले. ज्यांच्या बागांत शेकडो माणसे राबत होती ते लोक संयुक्त राष्ट्रांच्या शिध्यासाठी रांगेत उभे राहिले. या बालपणाने त्याच्या पुढच्या कृत्यांचे समर्थन होते असे मी म्हणत नाही. त्याच तंबूंत लाखो मुले वाढली आणि त्यांतली बहुतेक शिक्षक, परिचारिका, गवंडी झाली. तरीही मुळे कुठे आहेत हे ठाऊक असलेले बरे.

तरुणपणी तो अरब राष्ट्रवादी बाथ पक्षाकडे ओढला गेला, कैरोला अभियांत्रिकी शिकायला गेला, पण पदवी न घेताच परतला. १९६० च्या सुमारास सौदी अरेबियात जाऊन त्याने रंगारी आणि वायरमन म्हणून कामे केली आणि तिथेच तो फताहच्या वर्तुळात आला. मुलाचे नाव निदाल ठेवले, म्हणून अबू निदाल, म्हणजे निदालचा बाप. निदाल या शब्दाचा अर्थ लढा. १९६७ च्या युद्धानंतर सौदी सरकारने त्याला तुरुंगात टाकून हाकलून दिले, तेव्हा तो अम्मानला आला आणि तेथे त्याने एक व्यापारी कंपनी काढली. कंपनीच्या कचेरीत फताहचे लोक भेटत आणि पैशांची ने-आण होई. त्या काळात त्याची ओळख बंदूकबाज अशी नव्हती. हिशेबात चोख, कमी बोलणारा, व्यवस्थित माणूस म्हणून लोक त्याला ओळखत. फताहचे एक संस्थापक अबू इयाद यांना तो इतका पसंत पडला, की त्यांच्याच शिफारशीवरून तो आधी खार्टूमला आणि जुलै १९७० मध्ये बगदादला फताहचा प्रतिनिधी म्हणून गेला. अबू इयाद यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

बगदादला गेल्यावर दोनच महिन्यांत जॉर्डनच्या सैन्याने पॅलेस्टिनी सशस्त्र गटांवर हल्ला चढवला. त्या रणधुमाळीत अबू निदाल अम्मानमध्ये नव्हता, बगदादमध्ये सुरक्षित होता, आणि तेथूनच त्याने रेडिओवरून अराफत यांच्यावर भित्रेपणाचे आरोप सुरू केले. मागे उभी होती इराकची बाथ राजवट. सप्टेंबर १९७३ मध्ये त्याच्या माणसांनी पॅरिसमधील सौदी वकिलातीत लोकांना ओलीस धरले तेव्हा फताहचे नेतेच चकित झाले, कारण त्यांना त्याची कल्पनाच नव्हती. पण खरी फाटाफूट झाली ती १९७४ मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये पॅलेस्टिनी राष्ट्रीय परिषदेने, म्हणजे पीएलओच्या संसदेने, एक दहा कलमी ठराव केला. पॅलेस्टाइनच्या मुक्त होईल त्या तुकड्यावर सत्ता उभारावी, असा त्याचा आशय होता, आणि संपूर्ण भूमीखेरीज काहीच नको ही जुनी भूमिका त्यामुळे प्रथमच सैल झाली. ऑक्टोबरात रबातच्या परिषदेत अरब राष्ट्रांनी पीएलओला पॅलेस्टिनी जनतेची एकमेव वैध प्रतिनिधी मानले आणि नोव्हेंबरात अराफत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलले. राजनीतीचे दार किलकिले होत असतानाच अबू निदालने आपला वेगळा गट जाहीर केला. नाव ठेवले 'फताह – क्रांतिकारी परिषद', म्हणजे खरी फताह आम्हीच असा दावा. इराकमधील फताहची मालमत्ता, प्रशिक्षण केंद्र, रेडिओ, पारपत्रे देण्याचा अधिकार, हे सारे इराकी सरकारने त्याच्या हवाली केले. महमूद अब्बास यांना मारण्याचा कट उघडकीस आल्यावर फताहने त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड ठोठावला. हे अब्बास म्हणजे पुढे पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे अध्यक्ष झालेले अब्बासच.

या जन्मकथेतील दोन गोष्टी पुढच्या साऱ्या वाटचालीत टिकून राहिल्या. एक म्हणजे पीएलओने वाटाघाटींकडे टाकलेले प्रत्येक पाऊल त्याला फितुरी वाटत असे. दुसरी म्हणजे संघटना कायम कोणा ना कोणा सरकारच्या ओसरीवर राहिली. ज्याची ओसरी, त्याचे शत्रू तिचे शत्रू. १९७६ मध्ये सीरियाने लेबनॉनमध्ये सैन्य घातले आणि इराक-सीरिया वैर भडकले, तेव्हा 'ब्लॅक जून' हे नवे नाव घेऊन अबू निदालच्या माणसांनी दमास्कसच्या सेमिरामिस हॉटेलवर हल्ला केला. पकडलेल्या तिघांना सीरियाने दुसऱ्या दिवशी जाहीर फाशी दिली. आणि त्याच सीरियाने काही वर्षांनी अबू निदालला आपल्याकडे घर दिले.

पॅलेस्टिनींच्या बाजूने बोलणारे आणि त्यांच्या विरोधात बोलणारे असे दोघेही ज्या माणसांना विसरले, त्यांच्याविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. साइद हम्मामी हे लंडनमध्ये पीएलओचे प्रतिनिधी होते. १९७३ च्या अखेरीस त्यांनी लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये लेख लिहून वेस्ट बँक आणि गाझा येथे पॅलेस्टिनी राज्य व्हावे आणि ते इस्रायलशेजारी नांदावे, हा विचार जाहीरपणे मांडला. त्या काळी एका पॅलेस्टिनी नेत्याने हे स्वतःच्या नावाने छापणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. ४ जानेवारी १९७८ रोजी त्यांच्या कचेरीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी जूनमध्ये कुवेतमध्ये अली यासीन आणि ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये इझ्झुद्दीन कलाक मारले गेले. तेही पीएलओचेच प्रतिनिधी होते. डॉ. इस्साम सरतावी हे अक्का येथे जन्मलेले हृदयशल्यचिकित्सक होते. बंदूक हातात घेऊन सुरुवात केली आणि अनुभवाअंती ते या निष्कर्षाला आले, की इस्रायलमधील शांततावाद्यांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यांनी ते केलेही, अराफत यांच्या संमतीने आणि अनेकदा त्यांच्या नाराजीतही. १० एप्रिल १९८३ रोजी पोर्तुगालमधील अल्बुफेरा येथे सोशलिस्ट इंटरनॅशनल या जगभरच्या समाजवादी पक्षांच्या संघटनेचे अधिवेशन चालू होते. इस्रायलचे नेते शिमोन पेरेस हेही त्या अधिवेशनाला आलेले होते. हॉटेलच्या दालनात बंदूकधारी आला. त्याने पेरेस यांच्याकडे वळूनही पाहिले नाही. गोळी झाडली ती सरतावींवर.

आता त्या जुन्या चुकीकडे येतो. ३ जून १९८२ च्या रात्री लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलमधून मेजवानी आटोपून बाहेर पडणारे इस्रायलचे राजदूत श्लोमो अर्गोव्ह यांच्या डोक्यात गोळी घालण्यात आली. ब्रिटिश पोलिसांनी हल्लेखोरांना लगेच पकडले आणि ते अबू निदालचे असल्याचे उघड झाले. तिघांपैकी एक तर त्याचा नातलगच होता. हल्लेखोरांनी मारायच्या माणसांची जी यादी केली होती तिच्यात पीएलओच्या लंडनमधील प्रतिनिधीचेही नाव निघाले. इस्रायल आणि पीएलओ यांच्यात लेबनॉनच्या सीमेवर १९८१ च्या जुलैपासून युद्धबंदी होती. दुसऱ्या दिवशी इस्रायली मंत्रिमंडळाच्या बैठकीत हा हल्ला अबू निदालने केला आहे आणि तो अराफत यांचा वैरी आहे, हे गुप्तचर अधिकारी सांगू लागले. पंतप्रधान बेगिन यांनी ते सगळे पीएलओच आहेत असे म्हणून विषय मिटवला. लष्करप्रमुख रफाएल ऐतान यांचे उत्तर तर पुढे फार गाजले: 'अबू निदाल, अबू श्मिदाल.' म्हणजे कोण का असेना, पीएलओला ठोकायचे आहे. ६ जूनला इस्रायली फौजा लेबनॉनमध्ये शिरल्या. बैरूतला वेढा पडला, हजारो माणसे मेली, पीएलओला ट्युनिसला जावे लागले आणि सप्टेंबरात साब्रा आणि शातिला येथील पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत कत्तल झाली. युद्धाची तयारी आधीपासून चालू होती आणि निमित्त दुसरेही मिळाले असते, हे मान्य. तरी मिळाले ते निमित्त अबू निदालने पुरवले, आणि पीएलओचा सर्वनाश हाच त्याचाही हेतू होता. अर्गोव्ह यांना त्या गोळीने कायमचे अपंग केले. २००३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते रुग्णालयातच होते. आपल्यावरील हल्ल्याच्या नावाने झालेल्या युद्धावर त्यांनी स्वतः अंथरुणावरून कठोर टीका केली होती. आमच्या शिक्षकांच्या खोलीतले ते वाक्य आणि त्या मंत्रिमंडळातले वाक्य यांत तसा फरक नव्हता. फरक एवढाच, की आमच्या हातात रणगाडे नव्हते.

डॉर्चेस्टर हॉटेलच्या त्या गोळीचा एक पडसाद आपल्या मुंबईत उमटला, आणि तो आज कोणालाच आठवत नाही. अर्गोव्ह यांच्यावर हल्ला करणाऱ्या तिघांना ब्रिटनमध्ये दीर्घ कारावास झाला. त्यांना सोडवण्यासाठी ब्रिटिश अधिकाऱ्यांवर हल्ले सुरू झाले. २७ नोव्हेंबर १९८४ रोजी मुंबईतील ब्रिटिश उपउच्चायुक्त पर्सी नॉरिस मोटारीने कचेरीत निघाले असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ते मुंबईत येऊन काही आठवडेच झाले होते. जबाबदारी घेतली ती 'समाजवादी मुसलमानांची क्रांतिकारी संघटना' अशा नावाने, आणि हे नाव अबू निदालची संघटना वापरत असे. इंदिरा गांधींच्या हत्येला महिनाही झाला नव्हता आणि पाचच दिवसांनी भोपाळची वायुगळती झाली, त्यामुळे ही हत्या लोकांच्या आठवणीतून पुसली गेली असावी. त्याआधी ऑक्टोबर १९८३ मध्ये दिल्लीत जॉर्डनच्या राजदूतावर गोळीबार झाला होता. ज्या भारताने १९७४ मध्ये पीएलओला मान्यता दिली आणि १९८० मध्ये तिला पूर्ण राजनैतिक दर्जा दिला, त्या भारताच्या भूमीवर हे घडत होते. पीएलओला भारतात माणसे मारून काय मिळणार होते, एवढा साधा प्रश्न जरी आपण तेव्हा विचारला असता तरी उत्तराच्या जवळ पोचलो असतो.

दिल्लीतील हल्ल्याच्या सुमारास अबू निदालची ओसरी बदलत होती. इराणशी युद्धात गुंतलेल्या सद्दाम हुसेन यांना पाश्चात्त्यांची मदत हवी होती, म्हणून १९८३ च्या अखेरीस त्यांनी त्याला इराकबाहेर काढले. सीरियाने त्याला जवळ केले, कारण सीरियाला जॉर्डनच्या राजाला धडा शिकवायचा होता, आणि मग जॉर्डनच्या राजनैतिक अधिकाऱ्यांवर देशोदेशी हल्ले होऊ लागले. सप्टेंबर १९८३ मध्ये कराचीहून अबूधाबीला जाणारे गल्फ एअरचे विमान बॉम्बस्फोटाने पडले आणि ११२ जण मेले. त्याचा ठपकाही याच संघटनेवर आहे, आणि आखाती राजवटींकडून खंडणी उकळणे हा हेतू सांगितला जातो. मेलेल्यांत बहुतेक पाकिस्तानी मजूर होते, ईद घरी करून कामावर परतणारे. १९८५ पासून लिबियाचे गद्दाफी हे नवे आश्रयदाते झाले आणि हिंसेला ताळतंत्र उरले नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये इजिप्तएअरचे विमान पळवून माल्टाला नेले, त्यात जवळपास ६० माणसे गेली. २७ डिसेंबरला रोम आणि व्हिएन्ना येथील विमानतळांवर नाताळच्या सुटीसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशांवर एकाच वेळी गोळीबार झाला.

आणि मग पॅन अ‍ॅम ७३. विमानतळाच्या सुरक्षा दलाच्या गणवेशातील चौघे विमानात शिरले. नीरजा यांनी इशारा देताच वैमानिक वरच्या झडपेतून निसटले, त्यामुळे विमान उडू शकले नाही. सायप्रसला जायचे आणि तेथील तुरुंगातली आपली माणसे सोडवायची, ही अपहरणकर्त्यांची मागणी जमिनीवरच अडली. अमेरिकन प्रवासी हुडकण्यासाठी पारपत्रे गोळा करायला सांगितले तेव्हा नीरजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन पारपत्रे आसनांखाली दडवली. सतराएक तासांनी विमानातील विजेचे यंत्र इंधनाअभावी बंद पडत गेले, दिवे मंदावले, आणि अंधारात गोळीबार सुरू झाला. किमान २० जण मेले. नीरजा यांनी दार उघडून प्रवाशांना बाहेर काढले आणि मुलांना वाचवताना त्या गोळ्यांना बळी पडल्या. दोन दिवसांनी त्यांचा तेविसावा वाढदिवस होता. दुसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबरला, इस्तंबूलमधील नेव्हे शालोम प्रार्थनागृहात शब्बाथची प्रार्थना चालू असताना याच संघटनेच्या माणसांनी २२ ज्यूंना मारले. हे सारे पॅलेस्टाइनच्या नावाने केले गेले आणि पॅलेस्टाइनच्या पदरात त्यातून बदनामीखेरीज काही पडले नाही. त्या वर्षी ट्युनिसमध्ये बसलेल्या अराफत यांची जगात पत सुधारण्याची धडपड चालू होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा वार कोणावर होता ते कळते.

१९८७ मध्ये सीरियानेही त्याला बाहेर काढले. त्यानंतर संघटनेने स्वतःलाच खाल्ले. लिबियात आणि दक्षिण लेबनॉनमधील छावण्यांत अबू निदालला जिकडेतिकडे हेर दिसू लागले आणि संशयितांकडून छळ करून कबुल्या घेतल्या जाऊ लागल्या. बाहेर पडलेल्यांच्या साक्षींनुसार १९८७ आणि १९८८ या दोन वर्षांत सुमारे ६०० सदस्य मारले गेले, म्हणजे संघटनेतील निदान एक-तृतीयांश माणसे. नोव्हेंबर १९८७ मधील एकाच रात्री दक्षिण लेबनॉनमध्ये १७० जणांना बांधून, गोळ्या घालून एका खड्ड्यात पुरल्याची साक्ष आहे. ही सगळी छावण्यांतली पोरे होती. कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा. १९८९ मध्ये अतेफ अबू बक्र यांच्यासारखे वरिष्ठ लोक संघटना सोडून फताहच्या आश्रयाला गेले आणि जे चालले होते ते त्यांनीच जगापुढे ठेवले. इस्रायलने मारले त्याहून अधिक पॅलेस्टिनी सैनिक या संघटनेत आपल्याच माणसांच्या हातून मेले असतील, असे म्हणण्याइतका आधार माझ्याकडे नाही आणि मी ते म्हणणार नाही. पण हे ६०० पॅलेस्टिनी कोणत्याही बाजूच्या हुतात्म्यांच्या यादीत नाहीत, हे मात्र खरे.

अबू इयाद यांचे नाव लक्षात ठेवा असे मी वर लिहिले. १४ जानेवारी १९९१ रोजी, आखाती युद्ध तोंडावर आलेले असताना, ट्युनिसजवळ एका घरात पीएलओच्या एका पहारेकऱ्याने त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्यासोबत त्यांचे सहकारी अबू अल-होल आणि फख्री अल-ओमारी हेही मेले. तो पहारेकरी अबू निदालचा माणूस निघाला. ज्याने बगदादची जागा मिळवून दिली त्याचाच बळी गेला. अबू इयाद यांनीही तोवर इस्रायलशी तडजोडीची भाषा सुरू केली होती.

शेवट बगदादलाच झाला. १९९९ मध्ये गद्दाफींना पाश्चात्त्यांशी जुळवून घ्यायचे होते तेव्हा त्यांनीही त्याला काढले. तो पुन्हा इराकमध्ये गेला आणि ऑगस्ट २००२ मध्ये तेथे गोळ्या लागून मेला. पोलीस अटक करायला आले तेव्हा त्याने आत्महत्या केली, असे इराकी गुप्तचर खात्याच्या प्रमुखांनी पत्रकार परिषदेत सांगितले. अंगावर एकाहून अधिक गोळ्यांच्या जखमा होत्या, अशा बातम्या पॅलेस्टिनी सूत्रांनी दिल्या. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या हिशेबाप्रमाणे २० देशांत सुमारे ९०० माणसे या संघटनेने मारली किंवा जखमी केली. २०१७ मध्ये अमेरिकेने तिचे नाव दहशतवादी संघटनांच्या यादीतून काढून टाकले, कारण संघटनाच उरली नव्हती.

पॅन अ‍ॅम ७३ चा हिशेब मात्र अजून पुरा झालेला नाही. पाकिस्तानच्या न्यायालयाने १९८८ मध्ये पाच जणांना (विमानातले चौघे आणि त्यांचा बाहेरचा एक साथीदार) फाशी सुनावली, मग ती जन्मठेपेत बदलली. म्होरक्या झैद सफारिनी २००१ मध्ये सुटला, अमेरिकेने त्याला पकडले आणि २००४ मध्ये त्याला १६० वर्षांची शिक्षा झाली. उरलेल्या चौघांना पाकिस्तानने २००८ च्या सुरुवातीला सोडून दिले. त्याच वर्षी लिबियाने अमेरिकेशी करार करून अशा अनेक हल्ल्यांतील अमेरिकन नागरिकांच्या दाव्यांपोटी दीड अब्ज डॉलर दिले. तो करार अमेरिकन नागरिकांपुरता होता. मुंबईहून त्या विमानात बसलेल्या भारतीय प्रवाशांचे काय, हा प्रश्न आपल्या वृत्तपत्रांनी लावून धरावा अशी माझी फार इच्छा आहे. पण तो विचारायचा तर बोट बगदाद, दमास्कस आणि त्रिपोलीकडे दाखवावे लागते, आणि आपण 'पीएलओ' एवढे तीन अक्षरी नाव लिहून मोकळे झालो की ती बोटे आपोआप मिटतात.

तेव्हा दोन विनंत्या आहेत. त्या लेखातील चुकीची दुरुस्ती आपण ठळकपणे छापावी आणि अपहरणकर्त्यांच्या संघटनेचे नाव 'फताह – क्रांतिकारी परिषद (अबू निदाल गट)' असे द्यावे. दुसरी विनंती अशी, की येत्या २७ नोव्हेंबरला पर्सी नॉरिस यांच्या मुंबईतील हत्येवर आपल्या जुन्या अंकांच्या आधारे एक लेख प्रसिद्ध करावा. त्या दिवसांतली काही कात्रणे मी जपून ठेवली आहेत. आपल्या प्रतिनिधीला हवी असल्यास मी ती कार्यालयात आणून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
घाटकोपर (पूर्व), मुंबई